स्वयंसेविका नव्हे, शिक्षिका म्हणा

३ जानेवारीला तालुक्या-तालुक्यांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. सावित्रीबाईंच्या फोटोला हार, मग अंगणवाडी-बालवाडीच्या ताईंना साडी-नारळ, मग पाहुण्यांचं भाषण. भाषणात ‘तुम्ही आजच्या सावित्री’ हे वाक्य चुकत नाही. सावित्रीबाईंनी शेण-चिखल झेलला, तेव्हा तुम्हीही थोडं सोसा, हा त्या वाक्याचा पुढचा भाग. तो कधी उघड बोलला जातो, कधी नुसता सुचवला जातो. साडी घेऊन ताई घरी जातात आणि थकलेलं मानधन थकलेलंच राहतं.

ज्या घराच्या नावानं हा त्याग मागितला जातो, त्या घराचं पगाराबद्दल काय म्हणणं होतं, ते मात्र भाषणात येत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा, तो कष्टकरी शेतकरी समाजातून यावा, आणि अशा प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावांत तो पंधरा ते वीस रुपये असावा, असं त्यात आकड्यांसकट म्हटलं आहे. प्रशिक्षण आणि पगार, दोन्ही एका दमात. शिक्षणाची एवढी तळमळ असलेल्या माणसाला ‘सेवाभावी शिक्षक आणा’ असं सुचलं नाही. सुचलं असतं तर ते सरकारला फार आवडलं असतं!

आज परिस्थिती अशी आहे की, सहा वर्षांखालच्या मुलांना, शाळेत मागे पडलेल्या मुलांना आणि निरक्षर बायांना शिकवण्याचं काम ज्या बाया करतात, त्यांना आपण शिक्षिका सोडून बाकी सगळं म्हणतो. सेविका, सखी, मैत्रीण, ताई, स्वयंसेविका. शब्द सगळे गोड. एकाही शब्दाला वेतनश्रेणी नाही.

हा वाद शब्दांचा नाही. शब्दामागे कायदा उभा असतो. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला ‘मानद कार्यकर्ती’ मानलं गेलं. ती गावातलीच, घरचं सांभाळून दोन-चार तास काम करणारी, समाजसेवेची आवड असलेली, अशी कल्पना. पुढे कामं वाढत गेली. आहार, वजन, लसीकरणाला मदत, गरोदर बायांच्या भेटी, रजिस्टरं, सर्वेक्षणं आणि आता मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर. पण ‘मानद’ ते मानदच राहिलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकच्या अमीरबी प्रकरणात या बाया सरकारी पदावर नाहीत असं ठरवलं. मे २०१३ मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेनं योजना-कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या अंगणवाडी कार्यकर्तींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला. हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणं मान्य करता येत नाही आणि मानधन हे या कायद्याच्या अर्थानं वेतनच आहे, असं त्यात स्पष्ट आलं. म्हणजे आयुष्यभर जे ‘मानधन’ होतं ते निवृत्तीच्या दिवशी ‘वेतन’ ठरलं. नोकरीत असताना का नाही, हा प्रश्न शिल्लकच आहे. २०१८ मध्ये केंद्रानं आपला वाटा वाढवला. कार्यकर्तीसाठी तीन हजारांचे साडेचार हजार, मदतनीस बाईसाठी दीड हजारांचे सव्वादोन हजार. राज्य त्यात आपली भर घालतं, आणि तेवढी भर पडावी म्हणूनही महाराष्ट्रातल्या ताईंना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर बसावं लागलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या ताईंच्या प्रशिक्षणासाठी बाहेरून येणारे जे दुसरे स्वयंसेवक असतात, त्यांच्याबद्दल आपल्या वर्तुळात कुणी फारसं बोलत नाही, कारण ते आपलेच असतात. कॉलेजच्या मुली, निवृत्त प्राध्यापिका, कंपनीनं एका दिवसासाठी पाठवलेले कर्मचारी, परदेशातून सहा आठवड्यांसाठी आलेली मुलगी. मन लावून काम करणारी माणसं असतात ही, त्यांच्या हेतूवर माझा संशय नाही. पण व्यवहार काय होतो तो बघा.

रायगड जिल्ह्यात कातकरी वाड्यांवरच्या बालवाड्यांच्या ताईंसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं. शिकवायला शहरातून स्वयंसेवकांचा गट आला होता. सामान चांगलं होतं, रंगीत चित्रं, कापडी बाहुल्या, लॅपटॉपवर फिल्म. दोन दिवस ‘कृतीतून शिक्षण’ या विषयावर मांडणी झाली. समोर बसलेल्या ताईंपैकी एक जण अठरा वर्षं बालवाडी चालवत होती. तिच्या वाडीतली मुलं कातकरी बोलतात, पुस्तकी मराठी त्यांना परकी. ती बाई स्वतः कातकरी नाही, पण मुलांशी बोलता यावं म्हणून ती भाषा शिकली. दिवाळीनंतर वाडीतली घरं वीटभट्टीवर जायला निघतात, तेव्हा कोणतं पोर कोणत्या भट्टीवर गेलं याची यादी ती वहीत ठेवते आणि पावसाच्या तोंडाला घरं परत आली की त्या यादीवरून एकेक पोर पुन्हा गोळा करते. हे शिक्षणशास्त्र कुठल्याही लॅपटॉपमध्ये नव्हतं, आणि तीन दिवसांत ते तिला कुणी विचारलंही नाही. ती खाली सतरंजीवर आणि तिला शिकवणारी एकवीस वर्षांची मुलगी उभी.

तिसऱ्या दिवशी शंका विचारायला सांगितल्यावर त्या बाईनं एकच प्रश्न विचारला, “ह्याचा कागद मिळणार का?”

सगळे हसले. कागद मिळाला नाही. शिबिर ‘अनौपचारिक’ होतं. पण शिकवायला आलेल्या प्रत्येक मुलीला संस्थेच्या शिक्क्यानिशी प्रमाणपत्र मिळालं. ते तिच्या पुढच्या अर्जाला जोडलं जाईल, परदेशी विद्यापीठाच्या नाहीतर नोकरीच्या. सहा आठवड्यांच्या सेवेला कागद आणि अठरा वर्षांच्या सेवेला टाळ्या, हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा.

स्वयंसेवा ही ज्याच्या पोटाची सोय आधीच झालेली असते त्याला परवडते. शहरातली मुलगी सहा आठवडे देते, तिचा खर्च घरून चालतो. वाडीवरच्या ताईला ‘स्वयंसेविका’ म्हणताना आपण गृहीत धरतो की तिचाही खर्च कुणीतरी चालवतं आहे, नवरा. पुरुषप्रधान कुटुंबातलं जुनंच गृहीत आहे हे. पुरुष कमावता, बाईची कमाई वरखर्चाला. त्या शिबिरातल्या ताईंपैकी किती जणींचा नवरा खरोखर घर चालवत होता, हे विचारायचीही गरज नव्हती. चहाच्या वेळेला बोलणं ऐकलं की कळत होतं. विधवा, टाकलेल्या, दारुड्यांच्या बायका. शिवाय पोरांना सांभाळणं, भरवणं, शिकवणं हे बाईच्या जातीला उपजतच येतं, मग त्याचे पैसे कसले, हे आणखी एक गृहीत. घरात फुकट केलेल्या कामाची सवय अंगणवाडीपर्यंत पोचते. गवंडी भिंत बांधतो तेव्हा त्याला ‘बांधकाम-सखा’ म्हणून हजार रुपयांवर कुणी बोळवत नाही.

आपल्याकडे शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा इतिहास असा नव्हता. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, तिथं नावात ‘सेवा’ असली तरी बायकांना शिक्षिका आणि परिचारिका म्हणून तयार करून त्यांना पायावर उभं करण्याचं काम झालं. शिक्षिका होणं म्हणजे परित्यक्तेला आणि विधवेला स्वतःची भाकरी मिळणं. अनुताई वाघ याच वाटेनं आल्या, बालविधवा, शिक्षिकेची नोकरी करत पुढे शिकलेल्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला ताराबाई मोडकांबरोबर कामाला लागल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि कल्पना तिथली, ताराबाईंची. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि बालसेविकांचं प्रशिक्षण हा या कामाचा कणा होता. सरकारनं पुढे अंगणवाडी हे नाव उचललं, पण त्यामागची शिकवण्याची तयारी मागे टाकली. आज मे २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ या नावाखाली अंगणवाडी ताईंना बालशिक्षणाचं जे प्रशिक्षण द्यायचं ठरलं, ते गावपातळीवर तीन दिवसांचं! ताराबाई-अनुताईंनी आयुष्यं घातली तो विषय तीन दिवसांत.

या मुद्द्यावर अभ्यासू मित्र-मैत्रिणी हमखास बालसखीचं उदाहरण देतात. ते उदाहरण चांगलं आहे, म्हणून नीट बघू. मुंबईत ‘प्रथम’नं १९९८ मध्ये महापालिका शाळांत आणि पुढे बडोद्यात हा उपक्रम चालवला. वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्तेर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर पाहणी केली. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलं खरंच पुढे गेली होती. बॅनर्जी आणि ड्युफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

जगभर यातून काय घेतलं गेलं? की इतक्या स्वस्तात शिक्षण सुधारता येतं. माझ्या मते त्यातून घ्यायचं ते उलट आहे. दोन आठवड्यांच्या तयारीवर आणि साडेसातशे रुपयांवर एखादी मुलगी एवढं करून दाखवते, तर तिला दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि शिक्षिकेचा पगार दिला तर ती काय करेल? हा प्रयोग कुणी केला नाही. बालसखी पुढे कोण झाली, तिला त्या कामातून शिक्षिका होता आलं का, हा प्रश्न तक्त्यात नसतो. तक्त्यात मुलांचे गुण असतात आणि बालसखी खर्चाच्या रकान्यात असते.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या प्रयोगाची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. तिथं गावातल्या बिनपगारी स्वयंसेवकांनी वाचनाचे वर्ग घेतले. जी मुलं त्या वर्गांना आली ती वाचायला लागली. पण गावातली बहुतेक मुलं आलीच नाहीत, आणि सरकारी शाळेत काहीच हललं नाही. २०१० मध्ये हे निष्कर्ष छापून आले. स्वयंसेवक शिकवू शकतो हे त्यातून दिसतं. तो शाळेची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकंच दिसतं.

‘पैसा आला की सेवाभाव जातो’ हा दुसरा आक्षेप. कायम नोकरीतले शिक्षक बघा, एवढा पगार घेऊन काय शिकवतात, असं लगेच पुढे येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चांगलं शिकवणारे गुरुजी आणि बाई मी पाहिल्या आहेत आणि वर्गात पेपर वाचत बसणारेही पाहिले आहेत, दोघांचा पगार सारखाच होता. त्यामुळे पगाराचा आणि कामचुकारपणाचा संबंध मला तरी लावता आलेला नाही. आणि पैशानं सेवाभाव जातो हे तत्त्व इतकं पक्कं असेल, तर ते संस्थांच्या संचालकांपासून लागू करायला हवं होतं. ते नेमकं साखळीच्या शेवटच्या बाईपासूनच का सुरू होतं?

बरं, ‘सेवक’ हा शब्द सरकारनं सगळ्यांनाच लावला असंही कुणी म्हणेल. खरं आहे. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. डी.एड. झालेल्या मुलामुलींना तीन वर्षं महिना तीन हजारांवर राबवलं गेलं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकांचं मानधन २०२३ मध्ये सोळा हजारांवर आलं. पण त्यांचं सेवकपण तीन वर्षांनी संपतं, पुढे कायम शिक्षकपद असतं. सेविकेचं सेविकापण साठी उलटेपर्यंत संपत नाही. वस्तीशाळांचं उदाहरण तर आपल्या फार उपयोगाचं आहे. दूरच्या वस्त्यांवर शाळा काढायच्या, गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी नेमायची, नाव ‘स्वयंसेवक’. मग ते निमशिक्षक झाले. त्यांनी संघटना केली, आंदोलनं केली, नोकरीत असतानाच डी.एड. पूर्ण केलं, आणि २०१४ मध्ये त्यांना प्राथमिक शिक्षक म्हणून सेवेत घेतलं गेलं. म्हणजे स्वयंसेवकाचा शिक्षक होण्याचा रस्ता या राज्यात एकदा बांधला गेलेला आहे. कामावर असताना प्रशिक्षण, त्याचा मान्यताप्राप्त कागद, मग पद. हाच रस्ता अंगणवाडी-बालवाडीच्या दारात का येऊ नये?

हे आत्ताच मांडायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वयाचं शिक्षण हा शालेय शिक्षणाचा पाया मानला आहे. इतकी वर्षं खिचडीचं केंद्र म्हणून हिणवलेली अंगणवाडी आता अचानक ‘पायाभूत स्तर’ झाली. बारावी झालेल्या ताईला सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्या ताईला एक वर्षाचा अभ्यासक्रम, तोही टीव्हीवरून, स्मार्टफोनवरून, कामात खंड न पडू देता, अशी त्यात योजना आहे. अभ्यासक्रम द्यायला माझी ना नाही, उलट तीच तर मागणी आहे. पण तो पूर्ण केल्यावर पद आणि वेतन काय, याबद्दल ताईंच्या हाती ठोस काही नाही. काम प्रतिष्ठेचं झालं की करणारी बदलते, हे आपण सुईणीच्या बाबतीत पाहिलं आहे. उद्या बालशिक्षिकेची पदं निघतील, पात्रतेची अट लागेल, आणि अठरा वर्षं बालवाडी चालवलेली बाई त्याच वर्गात मदतनीस म्हणून झाडू मारेल. कारण तिच्याकडे कागद नाही.

मोठ्या बायांच्या साक्षरतेचं तर बघायलाच नको. २०२२ ते २०२७ या काळात पाच कोटी निरक्षरांना शिकवण्याचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, ‘उल्लास’ म्हणतात तो. एकूण तरतूद १,०३७.९० कोटी रुपये. भागाकार करा, माणशी दोनशे रुपयांच्या आसपास येतात. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बिनपगारी. निरक्षरांत बाया जास्त, तेव्हा हे दोनशे रुपये मुख्यतः आपल्याच बायांच्या वाट्याचे.

याचा अर्थ स्वयंसेवा नकोच, असा मी काढत नाही. नेल्लोरला साक्षरतेचे वर्ग स्वयंसेवकांनीच चालवले होते. दुबगुंटा गावच्या बायांनी अरकाचं दुकान बंद पाडल्याची गोष्ट तिथल्या वाचनपाठात आली, ती वाचून १९९२ मध्ये जिल्हाभरच्या बाया उठल्या आणि १९९३ मध्ये आंध्र सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. तिथले वर्ग शिकणाऱ्या बायांच्या हातात गेले होते, म्हणून ते घडलं. शिकवायला आलेला स्वयंसेवक चळवळीचा असतो तेव्हा वेगळं घडतं, आणि तो सरकारी पगाराची बचत करायला आणलेला असतो तेव्हा वेगळं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपण बायकांच्या संघटनांनी तरी डोळेझाक करू नये. घरोघर फिरणाऱ्या या बाईवर हात टाकला गेला तर जबाबदार कोण? राजस्थानातल्या भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या, तुटपुंज्या मानधनावर. बालविवाह थांबवण्याचं सरकारचं काम करत होत्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आणि पुढे २०१३ चा कायदा आला. त्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात मोबदल्याविना, स्वयंसेवा म्हणून काम करणारीही येते. लैंगिक छळाच्या तक्रारीपुरती का होईना, संसदेनं स्वयंसेविकेला कर्मचारी मानलं. मजुरीपुरतं मानायला मात्र अजून तयार नाही.

तेव्हा सरकारकडे मागणी तर करायचीच. अंगणवाडी-बालवाडी ताईंना सरकारमान्य, पगारी सुटीतलं प्रशिक्षण, पूर्वीच्या कामाच्या वर्षांना त्यात गुण, आणि बालशिक्षिकेच्या पदावर पहिला हक्क. पण काही गोष्टी सरकारची वाट न बघता आपल्या संस्थांना करता येतात. निधी देणाऱ्याकडे प्रस्ताव पाठवताना ताईची रक्कम ‘मानधन’ या रकान्यात न लिहिता ‘वेतन’ या रकान्यात लिहा, आणि ती किमान वेतनाच्या खाली जात असेल तर प्रस्तावच पाठवू नका. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांनी पहिले पंधरा दिवस ताईच्या बालवाडीत नुसतं बसायचं, रजिस्टर भरायचं, पोरं गोळा करायला तिच्याबरोबर फिरायचं. शिबिरात एक तरी सत्र अनुभवी ताईनं घ्यायचं आणि त्याचे पैसे तिला पाहुण्या तज्ज्ञाच्याच दरानं द्यायचे. ‘त्यांना बोलता येत नाही हो’ असं उत्तर मला मिळालं आहे. कातकरी पोरांना गप्प बसवून गोष्ट सांगणारीला बोलता येत नाही, हे मला पटत नाही.

हा लेख वाचणाऱ्या गटांना एक विनंती. आपल्या भागात शिकवण्याचं काम करणाऱ्या, पण शिक्षिका न म्हटल्या जाणाऱ्या बायांची यादी करा. हुद्दा, वर्षं, महिन्याची रक्कम, ती वेळेवर मिळते का, प्रशिक्षण किती दिवसांचं झालं, कागद मिळाला का, एवढंच. बाईचं नाव नको, गावाचंही नको, तालुका पुरे. आपल्या संस्था चालवतात त्या बालवाड्याही त्यात धरा, वगळू नका. यादी अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात ती तालुकावार छापू.